'मॉड टाक' म्हणणाऱ्यांना: संगणकावर सिम्स खेळणाऱ्या मंडळींना खुले पत्र

पीसीवाल्या मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

सिम्स, म्हणजे घरं बांधून त्यातली 'सिम' नावाची माणसं सांभाळायचा आपला खेळ. त्याबद्दल तुमच्याकडून आजवर मिळालेल्या सल्ल्यांची एक गंमत आहे. प्रश्न कुठलाही असो, उत्तर दोन शब्दांचं असतं: मॉड टाक, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेला बदल गेममध्ये घाल. शेजारच्या घरात वर्षानुवर्षं पाळणा हलत नाही? मॉड टाक. सिम दिवसभर पाण्याचे ग्लास भरभरून घरात जागोजागी ठेवत सुटलाय? मॉड टाक. मी कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रावर खेळते, आणि तिथे मॉड टाकताच येत नाहीत, असं सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात. मग दुसरं उत्तर येतं, तेही तेवढंच आखूड: मग पीसी घे.

राग आलाय म्हणून लिहीत नाहीये. थोडा आला होता, तो ओसरला. पण या दोन उत्तरांच्या मधे बरंच काही राहून जातंय असं वाटतं, आणि ते तुमच्याशीच बोलायला हवं. कारण गेम बनवणारे काय करायचं ते करतीलच. रोज आमच्याशी गाठ पडते ती तुमची.

आधी एक कबुली. मी मूळची तुमच्यातलीच. फेब्रुवारी 2000 मध्ये पहिला सिम्स आला तेव्हा संगणकाशिवाय तो खेळायचा दुसरा मार्गच नव्हता. पोहायच्या तलावाची शिडी काढून घेऊन माणसं बुडवण्याचं पाप मीही केलंय. (आता शिडी काढली तरी ते काठावर हात टेकून वर येतात. भिंत घालावी लागते. गेम सुधारला तसे आपणही सुधारलो, एवढंच.) पुढे दिवसभराचं काम संगणकावर होऊ लागलं आणि संध्याकाळी त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर बसायचं जिवावर यायला लागलं. म्हणून मी सोफ्यावर आले. सगळं सोसून, नाइलाजाने वगैरे नाही. चक्क पाठ टेकायला मिळते म्हणून.

आता हाताच्या फरकाचं बोलू, कारण तुम्ही सगळ्यात आधी तिथेच हसता. हसा. टेबलावरचा दिवा भिंतीच्या थोडा जवळ सरकवायचाय. तुमच्याकडे माऊसने उचलला, ऑल्ट दाबून चौकटीतून मोकळा केला, ठेवला. एक श्वासभर काम. माझ्याकडे कंट्रोलरच्या डाव्या काडीने बाण ढकलत न्यायचा. तो दिव्यापाशी येता येता पुढे निघून जातो, मागे आणावा तर टेबलावर थांबतो. मी बटण दाबते आणि दिव्यासकट टेबल हवेत. टेबल परत जागेवर. उजव्या काडीने कॅमेरा खाली आणायचा, जवळ न्यायचा, तर मधे भिंत येते. भिंती खाली करायच्या. आता दिवा नीट दिसतो, उचलते, आणि ठेवताना तो फिरतो, कारण अंगठा चुकून भलत्याच बटणावर गेलेला असतो. एका खोलीत असे पंचवीस-तीस नग. गोल जिना आणि त्याचा कठडा यांच्याबद्दल मी लिहीतच नाही.

चीटचं, म्हणजे गेममध्ये सवलत मिळवून देणाऱ्या गुप्त शब्दांचंही तसंच. तुम्ही कंट्रोल, शिफ्ट, सी दाबता आणि बोटं आपोआप टाइप करतात. आम्ही कंट्रोलरच्या कडेची चारही बटणं एकदम दाबतो आणि मग पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत हिंडतो. 'मदरलोड'ची इंग्रजी अक्षरं दहा. पन्नास हजार सिमोलियनसाठी, म्हणजे सिम्सच्या पैशांसाठी, ती मेहनत परवडते. 'टेस्टिंगचीट्स ट्रू' मधली मोकळी जागा धरून अठरा. त्यात एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि चीट चालू केले की त्या सेव्हमध्ये, म्हणजे त्या जपून ठेवलेल्या खेळात, ट्रॉफीवर (कामगिरीबद्दलच्या बक्षिसांवर) पाणी सोडायचं. पुढे कन्सोललाही कीबोर्ड-माऊस जोडायची सोय झाली, हे मला माहीत आहे. पण मांडीवर कीबोर्ड आणि सोफ्याच्या हातावर माऊस घेऊन बसायचं, तर मग खुर्ची काय वाईट होती?

पण दिवा सरकतो. वेळ लागतो, सरकतो. सवयीने त्यातही हात बसतो. सांगायचं आहे ते पुढचं, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की कन्सोलचा सिम्स म्हणजे पहिल्यापासूनच तुमच्या गेमची कापून, शिवून लहान केलेली आवृत्ती. तसं नव्हतं. 2003 च्या जानेवारीत पहिला सिम्स प्लेस्टेशन 2 वर आला तेव्हा तुम्ही अजून ठरावीक तिरक्या कोनातून घराकडे बघत होतात, आणि इकडे पूर्ण त्रिमिती घर होतं, कॅमेरा हवा तसा फिरत होता. शिवाय पडदा वाटून घेऊन दोघांना खेळता यायचं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बस्टिन आउट' आला, तो तर संगणकावर कधी आलाच नाही. आईच्या घरातून बाहेर पडून स्वतःचं बस्तान बसवायचं, एकेक काम पुरं करून नव्या जागा उघडायच्या. 2004 चा 'द अर्ब्झ' शहरातल्या टोळक्यांचा, नावलौकिकाचा. त्यात ब्लॅक आइड पीज हा बँड चक्क सिमलिशमध्ये, म्हणजे सिमांच्या बनावट भाषेत, गायला होता. तोही तुमच्याकडे नाही.

मग सिम्स 2. तुमच्याकडे सप्टेंबर 2004 मध्ये आला आणि त्यात पिढ्या होत्या: बाळ मोठं होतं, म्हातारं होतं, मरतं, नातवंडं राहतात. आमच्याकडे तो पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आला आणि त्यात वय वाढणं हा प्रकारच नव्हता. मोठीच काटछाट, मान्य. पण बदल्यात काडी धरून सिमला थेट चालवता यायचं. 'तिकडे जा' असा हुकूम सोडून वाट बघत बसायचं नाही, आपणच चालत जायचं, फ्रिज उघडायचा, जिन्नस निवडून स्वयंपाक करायचा. वरून बघणारा देव आणि घरात फिरणारा माणूस, एवढा फरक होता त्या दोन खेळांत. मला दोन्ही आवडायचे, आणि कुठला खरा सिम्स असा प्रश्न तेव्हा मनातही येत नसे. सिम्स 3 च्या वेळी तुम्हाला 2009 मध्ये सगळं गाव मोकळं मिळालं. आम्हाला 2010 मध्ये लोडिंगचे पडदे मिळाले, आणि भरपाई म्हणून कर्माच्या शक्ती. हात उगारला की शेजाऱ्यावर आगीचा वर्षाव. भरपाई अगदीच वाईट नव्हती.

थोडक्यात, तेव्हा तुलना करायचीच तर दोन भावंडांची केल्यासारखी होती. एक अभ्यासात पुढे, दुसरं खेळात.

2017 च्या नोव्हेंबरात सिम्स 4 कन्सोलवर आला आणि ते संपलं. पहिल्यांदाच आम्हाला तुमचाच गेम मिळाला. तेच गाव, तीच माणसं, चेहरा हाताने ओढून घडवायची तीच सोय. त्याचा आनंद झाला होता, खोटं का बोला. तुमच्यासारखं तलावाविना आणि चालत्या-बोलत्या चिमुरड्यांविना दिवस काढायची पाळी आमच्यावर आली नाही. तुम्हाला तलाव दोन महिन्यांनी आणि चिमुरडी 2017 च्या जानेवारीत मिळाली होती, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. पॅक, म्हणजे गेममध्ये विकत घेऊन घालायची भर, मात्र मागाहून यायचे. कुत्री-मांजरं तुमच्याकडे 2017 च्या नोव्हेंबरात, आमच्याकडे पुढच्या जुलैच्या शेवटच्या दिवशी. ऋतू तुमच्याकडे जूनमध्ये बदलले, आमच्याकडे नोव्हेंबरात. हळूहळू अंतर कमी होत गेलं आणि 2020 च्या 'इको लाइफस्टाइल'ला सगळे एकाच दिवशी रांगेत उभे राहिलो. त्याच वर्षी गॅलरीही आली, म्हणजे तुम्ही बांधलेली घरं आमच्या गावात उतरवता येऊ लागली. 2022 च्या ऑक्टोबरात मूळ गेम सगळीकडेच फुकट झाला आणि आमच्याकडे कितीतरी नवी माणसं आली.

आता दोघांचा गेम एकच, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत होते.

मग एक दिवस माझा सिम अडकला. झोपायला जायचं सांगितलं की तो पलंगापर्यंत जायचा, मान हलवायचा आणि परत यायचा. डोळ्यांखाली काळं, उभ्या उभ्या पेंगणारा. मी पलंग हलवला. पलंग विकून दुसरा घेतला. खोलीला दुसरं दार पाडलं. त्याला रीसेट केलं. काही नाही. मदत मागितली तेव्हा तुमच्यातल्याच एकाने फार आपुलकीने, पायरी पायरीने लिहून पाठवलं: गेम बंद कर, डॉक्युमेंट्समध्ये जा, गेमचं फोल्डर उघड, 'लोकलथंबकॅश' नावाची फाइल उडव, गेम परत चालू कर. त्यानेही नाही सुटलं तर सेव्हच्या फोल्डरमध्ये शेवटी 'व्हर झिरो', 'व्हर वन' लिहिलेल्या जुन्या प्रती असतात, त्यातली एक नाव बदलून वापर.

ते वाचताना मला माझे जुने दिवस आठवले. ती फाइल मी शंभरदा उडवली असेल. आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे डॉक्युमेंट्स नाही. फोल्डर नाही. टीव्हीच्या पडद्यावर त्या गेमच्या नावाचा एक चौकोन आहे, तो उघडता येतो आणि बंद करता येतो. आत काय आहे ते बघायला दारच नाही.

मला वाटतं, खरा फरक हा आहे. चित्र किती सुबक, लोडिंगला किती वेळ, काडी की माऊस, या सगळ्यावर आपण तासन्‌तास वाद घातलाय आणि ते सगळं दुय्यम आहे. तुमचा गेम बिघडला तर तुम्ही तो उघडता. आमचा बिघडला तर आम्ही वाट बघतो.

आणि मॉड म्हणजे नुसते केसांचे प्रकार आणि झालरीचे पडदे नव्हेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शेजाऱ्यांचंच घ्या. सिम्स 4 मध्ये आपण ज्या घराकडे बघत नाही त्या घराचं आयुष्य जवळजवळ थांबलेलं असायचं. वय तेवढं वाढायचं. तुम्ही 'एमसी कमांड सेंटर' हा मॉड टाकलात आणि तुमच्या गावात लग्नं झाली, मुलं झाली, नोकऱ्या बदलल्या. गेममध्येच शेजाऱ्यांची सोय यायला 2021 चं वर्षअखेर उजाडलं. तोपर्यंत आमच्या गावांतली माणसं म्हातारी होऊन मरत होती आणि मागे कुणी राहत नव्हतं. मी एकेका घरात जाऊन लोकांची लग्नं जुळवायचे, मुलं होईपर्यंत थांबायचे, पुढच्या घरी जायचे. गावभर मध्यस्थ म्हणून फिरले. माझं स्वतःचं कुटुंब तिकडे उपाशी.

म्हणजे तुम्ही ज्याला सिम्स 4 म्हणता तो गेम अर्धा बनवणाऱ्यांनी बनवलाय आणि अर्धा तुमच्यातल्या मॉडकारांनी, बहुतेकदा रात्री जागून. त्याबद्दल मला आदरच आहे. पण 'गेम चांगला आहे की' असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यातला कुठला अर्धा तुम्ही धरलाय, हे तुमच्याही लक्षात राहत नाही. आम्ही तक्रार करतो ती पहिल्या अर्ध्याची असते, आणि तुम्हाला वाटतं आम्हालाच नीट खेळता येत नाही.

हे फक्त सिम्सचं दुखणं नाही. 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमचं बघा: 1.6 हे मोठं अपडेट संगणकावर 19 मार्च 2024 ला आलं, कन्सोलवर 4 नोव्हेंबरला. तो गेम वर्षानुवर्षं एकट्या माणसाने बनवलेला, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. पण मधले साडेसात महिने सगळे नव्या शेताबद्दल बोलत होते आणि आम्ही जुन्याच शेतात पाणी घालत होतो. आणि शेवटी अपडेट आलं तरी मॉडचं दार तिकडेही बंदच.

आता तुम्ही म्हणाल, मॉडचे हालही बघ की. बघितलेत. गेमचं अपडेट आलं की तुमचे सगळे मॉड बंद. मग कुठला मोडलाय हे शोधायला अर्धे बाजूला काढा, गेम चालू करून बघा, उरलेल्यातले अर्धे काढा, परत बघा. एका झुलपाच्या फाइलपायी अख्खी संध्याकाळ. कुणाच्या तोंडाला प्रश्नचिन्हं आलेली, कुणाचे कपडेच गेलेले. त्या दिवशी आम्ही सोफ्यावर पाय पसरून खेळत असतो, हे मी जरा चवीने सांगतेय हे कबूल.

आणि त्यातच आमचा एक उपयोग आहे, जो तुमच्या ध्यानात आलेला नाही. तुम्ही एखादा बिघाड कळवलात की पहिला प्रश्न येतो: मॉड काढून बघितलंत का? रास्तच आहे तो. आम्हाला तो प्रश्न लागू होत नाही. माझा सिम पलंगापाशी जाऊन परत येतो, तर तो गेमच्याच चुकीने येतो. माझ्या गेमला दुसऱ्या कुणाचा हात लागलेलाच नाही. तुमच्याकडे आणि आमच्याकडे तीच खोड दिसली तर अर्धं निदान तिथेच झालं. आमची साक्ष फुकट मिळत असताना तुम्ही आम्हाला साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून हाकलून देता, 'मग पीसी घे' म्हणून.

तर माझं मागणं असं आहे. कुणी अडचण विचारली की आधी विचारा, कशावर खेळता? दोनच शब्द जास्त लागतात. कन्सोल असेल तर मॉडचं नाव न घेता काय करता येईल याचा विचार करा. रीसेट, घर बदलून परत येणं, कुटुंबाला गॅलरीत ठेवून नव्या सेव्हमध्ये उतरवणं, असं बरंच काही तुम्हाला माहीत असतं, पण मॉडच्या सवयीने विसरायला झालंय. तुमच्या पॅकबद्दलच्या मतांत, मॉड टाकून खेळलात की न टाकता, एवढं सांगून टाका. तुमच्या मतावर विश्वास ठेवून मी एक पॅक घेतला होता. ज्या गोष्टीचं तुम्ही तोंड भरून कौतुक केलं होतंत, ती पॅकमध्ये नव्हतीच.

आणि आपली जुनी माणसं घेऊन संगणकावर ये असं सांगू नका. येता येत नाही. सेव्ह इकडून तिकडे जात नाही आणि घेतलेले पॅक तिकडे परत विकत घ्यावे लागतात. माझ्या कुटुंबाची नववी पिढी चालू आहे. गॅलरीतून चेहरे नेता येतील. त्यांचं गाव आणि शेजारपाजार इथेच राहील.

दुसरी गोष्ट घरांची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही फार सुंदर घरं बांधता. दिवा चौकटीबाहेर सरकवणं तुम्हाला सोपं आहे म्हणून तुमच्या खोल्या राहत्या वाटतात, आमच्या दुकानात मांडल्यासारख्या. पण त्यात तुम्ही मॉडमधून आणलेली, गेमबाहेरची एक खुर्ची, एक गालिचा घातलात की ते अख्खं घर आम्हाला गॅलरीत दिसतच नाही. मोडकं दिसत नाही, रिकाम्या जागांसकट दिसत नाही, ते आमच्यापुरतं नाहीच. एका गालिच्यामुळे. बांधून झालं की त्याची एक प्रत गेममधल्याच वस्तू घालून ठेवलीत तर तुमची पंधरा मिनिटं जातील. ती पंधरा मिनिटं माझ्याकडे काडीने दोन संध्याकाळी होतात.

2025 च्या जानेवारीत सिम्सला पंचवीस वर्षं होत आली म्हणून पहिले दोन्ही सिम्स नव्याने विकायला आले. संगणकावर. 'बस्टिन आउट' आणि 'अर्ब्झ' त्यात नव्हते. त्या दिवशी तुम्ही सगळे जुन्या आठवणी काढत होतात आणि त्या आठवणींत आमच्या दोन खेळांचं नावही कुणी घेतलं नाही. म्हणून वर इतकं सविस्तर लिहिलं. पुढच्या वेळी आठवणी निघतील तेव्हा सोफ्यावर पडदा वाटून खेळलेल्यांनाही विचारा. आज तुमच्याकडे किंवा आमच्याकडे, सिम्स 4 मध्ये एका पडद्यावर दोघांना खेळता येत नाही. ते मात्र आपण दोघांनी मिळून मागायला हरकत नाही.

पलंगवाल्या सिमचं राहिलंच. तो पुढच्या अपडेटपर्यंत तसाच होता. तोवर मी त्याला अंगणात तंबू घालून दिला. तंबूत तो विनातक्रार झोपायचा. आता पलंग चालतो, पण तंबू काढलेला नाही. घर गॅलरीत टाकलंय, तंबूसकट. गेमबाहेरचं काहीही घातलेलं नाही, त्यामुळे ते तुम्हालाही दिसेल.

तुमची,
सोफ्यावरून खेळणारी एक